सवय झाल्याचा अहवाल

सोलापूर,
ता. ५-१-१९७६

चि. सिद्धनाथ यास,
थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं गेल्या महिन्यातलं पत्र परवा हातात पडलं. पाकीट आधीच कुणीतरी उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं. मिलमध्ये सुताला लावतात तशी खळ थापली होती, त्यामुळे कोपरा फाडूनच पत्र बाहेर काढावं लागलं. ज्यानं कुणी वाचलं त्याला तुझं अक्षर लागलं असेल तर तो माझ्यापेक्षा हुशार म्हणायचा. दिवस असे आहेत, म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

वेळअमावस्येला आम्ही तिघं मैंदर्गीला शेतावर गेलो होतो. तुझ्या वैनीनं भज्जी, उंडे, आंबील सगळं साग्रसंगीत केलं. चुलत्यांनी तुझी चौकशी केली. मी सांगितलं, पोरगं एम.एस्सी. होऊन समुद्रातल्या गायी मोजतंय. त्यावर ते म्हणाले, गायीच मोजायच्या व्हत्या तर आमच्या गोठ्यात काय कमी हाईत, त्यासाठी इतकं शिकवायचं कशाला. सगळे हसले, मीही हसलो.

खरं सांगू का, तू काय करतोस हे मलाही कळलेलं नाही. गावाचं नाव लिहायचं नाही, खात्याचं नाव लिहायचं नाही, पत्र मद्रासच्या टपालपेटीवर टाकायचं. असलं कसलं रे काम? आई-अप्पा गेले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. तुला मी वाढवलंय, तेव्हा एवढं विचारायचा हक्क मला आहे. लिहिता येईल तेवढं तरी लिही. तुझी वैनी काळजी करते आणि ते माझ्यावर काढते.

चि. लीला पाच वर्षांची झाली. काकाला पत्र लिही म्हणून मागे लागली आहे. आता गड्ड्याची जत्रा आठवड्यावर आली, तिला घेऊन जाणार आहे. प्रकृतीस जपावे, आणि आमची आठवण येत नसली तरी येते असं लिहावे.

तुझा अण्णा,
गुरुबसप्पा

—

ता. १९-१-१९७६

ती. अण्णांस,
सिद्धनाथचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. तेही उघडलेलंच होतं. मुकाट्यानं सहन करतो आहे, तुम्हीही करा.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. समुद्रगाय हा मासा नव्हे. म्हशीएवढं अंग, मिशाळ तोंड, शेपूट मात्र माशाचं. समुद्राच्या तळावर गवत उगवतं, ते ती चरते आणि दर चार-पाच मिनिटांनी श्वास घ्यायला वर येते. पिल्लाला दूध पाजते. तीन-चार वर्षांतून एकदा एकच पिल्लू होतं, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर आता मोजकीच उरली आहेत. नव्या कायद्यानं तिला मारणं तर सोडाच, जाळ्यात धरणंही गुन्हा आहे.

इथे एका लष्करी कामासाठी पाण्याखाली आवाज सोडून बघतात. नावेखाली एक यंत्र लावलेलं आहे, त्यातून शिट्टीसारखा तीव्र आवाज निघतो. मधून मधून लहान स्फोटही करतात. वर आपल्याला काही कळत नाही, पण पाण्यात डोकं घातलं की दात शिवशिवतात. या आवाजानं समुद्रगायींना इजा होते की नाही, एवढंच मला लिहून द्यायचं आहे. इजा होते असं निघालं तर चाचण्या दुसरीकडे जातील. नाही निघालं तर एप्रिलमध्ये आतल्या आखातात मोठे सुरुंग उडवायचे आहेत. तिथलं पाणी शांत असतं, म्हणून माद्या नेमक्या तिथेच पिल्लं घालायला येतात. एकूण काय, ते माझ्या कागदावर ठरणार.

मला एका गोष्टीचा उलगडा होत नाही. पहिल्या दिवशी यंत्र सुरू झालं तेव्हा एकोणीसच्या एकोणीस जनावरं जीव घेऊन पळाली. माझा नावाडी मकदूम म्हणतो, सात मैलांवर जाऊन थांबली. गवत इथेच असल्यामुळे दहा-बारा दिवसांनी परत आली. यंत्र तसंच चालू होतं. आता ती यंत्राच्या खालीच चरत असतात. पळत नाहीत, डोकंसुद्धा उचलत नाहीत. याला काय म्हणावं? आमचे साहेब रोज विचारतात, आणि मी रोज उद्या सांगतो म्हणतो.

मकदूमला मात्र हे बरं दिसत नाही. या जनावरासारखं भित्रं जनावर समुद्रात दुसरं नाही, वल्ह्याचा ठोका ऐकला तरी पळतं, असं तो मोडक्या हिंदीत सांगतो. तो हल्ली त्या बाजूला नाव घालायला कुरकुर करतो.

सौ. वैनींस नमस्कार, चि. लीलास आशीर्वाद. तुमची आठवण येते, हे तुम्ही सांगितलं म्हणून लिहीत नाही.

आपला,
सिद्धनाथ

—

सोलापूर,
ता. ३१-१-१९७६

चि. सिद्धनाथ यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला हसू आलं. एवढी पुस्तकं वाचलीस आणि एवढी सोपी गोष्ट अडली? अरे, सवय झाली त्यांना!

मी साचेखात्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा सतरा वर्षांचा होतो. चारशे माग, साचे म्हणतो आम्ही त्यांना, एकदम खडखडत होते. मला वाटलं, छप्पर डोक्यावर आलं. तिथून जो पळालो तो थेट मिलच्या दारात. जॉबरनं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, कॉलर धरून परत आणलं. दोन दिवस डोकं भणभणत होतं, घरी आलो तरी कानात साचे चालूच. आठ-दहा दिवसांत सगळं गेलं. आज त्याच खात्यात मी डबा खाऊन भिंतीला टेकून डुलकी काढतो. आवाज आहे हे ध्यानातही येत नाही. शेजारच्या साच्यावरचा कासीम आणि मी दिवसभर गप्पा मारतो, तो ओठ हलवतो आणि मला सगळं कळतं. नवीन माणूस तोंडाकडे बघत राहतो, की ही माणसं बोलतात तरी कशी.

माणसाचं असं, तर जनावराचं काय वेगळं असणार? तुझ्या साहेबांना सांग, माझा भाऊ वीस वर्षं आवाजात उभा आहे आणि धडधाकट आहे. कासीमला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणतो, तुझा भाऊ म्हशी राखायला लई लांब गेला की.

गड्डा छान झाला. गर्दी फार होती. लीलाचा हात थोडा वेळ सुटला होता, पण कासीमच्या घरच्यांनी तिला आणून पोचवलं. काळजीचं काही नाही. कळवण्यासारखं दुसरं काही नाही. मायेत उणं पडू देऊ नये.

तुझा अण्णा,
गुरुबसप्पा

—

ता. १२-२-१९७६

ती. अण्णांस,
सिद्धनाथचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमच्या पत्रानं माझी गाठ सुटली. त्याच दिवशी बसून अहवाल पुरा केला. सुरुवातीला जनावरं बिचकली, नंतर त्यांना आवाजाची सवय झाली, आता त्यांच्या चरण्यात, वावरण्यात काही फरक दिसत नाही, असं लिहिलं. गिरणी कामगारांना जशी यंत्रांच्या आवाजाची सवय होते तशी, हे वाक्यही घातलं. तुमचं नाव घातलं नाही, पण तुम्हीच आहात त्यात. साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि पाठ थोपटली. मला कायम करण्याचं पत्रही लवकरच निघेल म्हणाले.

सुरुंगांची तारीख ५ एप्रिल ठरली आहे.

काल एक विचित्र गोष्ट झाली. मकदूमच्या नावेनं एका जनावराला धडक दिली. ते पाण्याच्या वरच होतं, ऊन स्वच्छ होतं, मोटारीचा फटफटाट चालू होता, आणि ते जागचं हललंच नाही. पाठीवर हातभर जखम झाली. मकदूम रडकुंडीला आला. बापाच्या वेळेपासून असं कधी झालं नाही म्हणत होता. मी त्याची समजूत घातली, की भीती मेली की जनावर निर्धास्त होतं.

हे सगळं उत्तमच झालं असं मला वाटायला हवं, पण जेवण गोड लागत नाही. वैनींच्या हातची शेंगाची चटणी आणि कडक भाकरी कुणी येणारं असेल तर पाठवा. कृपादृष्टी आहेच, ती अशीच असू द्यावी.

आपला,
सिद्धनाथ

—

सोलापूर,
ता. २५-२-१९७६

चि. सिद्धनाथ यास,
मायाक्काचे आशीर्वाद. वि. वि.

मी स्वतःहून तुला कधी पत्र लिहिलं नाही. हे यांच्या माघारी लिहिते आहे. तुझं पत्र यांनी सगळ्या चाळीला वाचून दाखवलं, त्या गिरणी कामगाराच्या वाक्याला तर उभे राहिले. मी चुलीपाशी बसले होते. माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं.

तुझ्या अण्णांना सवय झालेली नाही रे. त्यांना ऐकू येत नाही.

मी हे आठ वर्षं झाकून ठेवलं आहे. मिलचा भोंगा सगळ्या सोलापूरला ऐकू येतो, यांना येत नाही. पहाटे समोरच्या वीरभद्रप्पांच्या दारात कंदील दिसला की हे उठतात आणि भोंगा झाला असं आम्हालाच सांगतात. मी पाठीमागून काही विचारलं तर उत्तर मिळत नाही, समोर गेले की मिळतं. शेजारणी म्हणतात, तुमचे मालक लई तापट, कायम वरडून बोलतात. त्यांना आपलाच आवाज कळत नाही, हे मी कुणाला सांगू?

गड्ड्यात काय झालं ते यांनी तुला लिहिलं नाही, कारण त्यांना ते कळलंच नाही. लीलाचा हात सुटला तेव्हा ती यांच्या मागे दोन हातांवर होती. अप्पा, अप्पा करून जीव तोडून ओरडत होती. माणसं वळून बघत होती. हे मात्र सरळ पुढे चालत गेले. कासीमची बायको जमीला तिथे होती म्हणून पोर सापडली. त्या दिवसापासून लीला यांना हाक मारत नाही, समोर जाऊन उभी राहते.

तू तुझ्या जनावरांविषयी लिहिलंस, की त्यांच्यावर नाव गेली तरी हलली नाहीत. मी चार यत्ता शिकलेली बाई, मला तुमचं शास्त्र कळत नाही. पण गेल्या वर्षी अक्कलकोट रस्त्यावर हे सायकलीवर होते आणि मागून ट्रक हॉर्न देत आला, तेव्हा हेही असेच हलले नव्हते. कासीमनं ओढलं म्हणून वाचले.

तुझं लिहून झालं असेल तर ते बदलता येतं का बघ. यांना माझं नाव सांगायचं तर खुशाल सांग, भांडण झालं तर होऊ दे. तुझ्या माघारी तुला नावं ठेवली नाहीत, यापुढेही वैनीवर राग धरू नकोस.

तुझी वैनी,
मायाक्का

—

ता. ५-३-१९७६

ती. अण्णांस,
सिद्धनाथचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले. तुम्ही रागवाल हे ठाऊक आहे. वैनींनी मला सगळं लिहिलं आहे. त्यांना बोलू नका. दोष माझा आहे. शास्त्र शिकलेल्या माणसानं भावाच्या एका शब्दावर काम भागवलं.

या महिन्याभरात तीन जनावरं नावांखाली आली. त्यातलं एक मेलं. तिन्ही भर दिवसा, तिन्ही वेळा नाव पाठीमागून आली होती. ही गोष्ट माझ्या वहीत आहे, माझ्याच अक्षरात आहे, आणि तरी मी तिच्यापुढे ‘सवय’ लिहीत गेलो. जनावर पळत नाही म्हणजे त्याला त्रास नाही, असं मी धरून चाललो. त्याला ऐकूच येत नसेल, हे माझ्या मनातही आलं नाही, कारण मी अशा घरात वाढलो जिथे ऐकू न येण्याला सवय म्हणतात.

साहेबांकडे जाऊन मी अहवाल परत मागितला. ते म्हणाले, तो वर गेला, मंजूर झाला. मी सांगितलं, जनावरं बहिरी झाली असावीत. त्यांनी विचारलं, पुरावा काय? समुद्रगायीचे कान कोण तपासणार? मग त्यांनी माझंच वाक्य मला वाचून दाखवलं, गिरणी कामगारांचं. हे तर तुम्हीच लिहिलं आहे, आणि फार चांगलं लिहिलं आहे, म्हणाले.

अण्णा, त्या वाक्यातल्या माणसाचे कान मात्र तपासता येतील. तुम्ही कानाच्या डॉक्टरकडे जा आणि त्यांनी लिहून दिलेला कागद मला पाठवा. ज्याला सवय झाली म्हणून मी लिहिलं तो माणूस बहिरा आहे, एवढं मी दाखवू शकलो तर कदाचित ते थांबतील. तुम्हाला मी आयुष्यात काही मागितलं नाही, सगळं न मागताच मिळालं. हे मागतो आहे. आखातात माद्या यायला लागल्या आहेत.

रागवा, पण लोभ तोडू नका.

आपला,
सिद्धनाथ

—

सोलापूर,
ता. २०-३-१९७६

चि. सिद्धनाथ यास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून आठ दिवस मी तुझ्या वैनीशी बोललो नाही. तुझ्याशीही बोलणार नव्हतो. मला बहिरा म्हणणारा माझ्या हातचं खाऊन मोठा झालेला, याचा फार राग आला. हे लपवून काय उपयोग?

मग कासीमला विचारलं. त्याला वाटलं होतं मला माहीत आहे. तो म्हणाला, तुझंच काय, माझाबी एक कान गेलाय की, खात्यात कुणाचे कान धड हाईत? वीस वर्षं आम्ही एकमेकांचे ओठ वाचतो आणि त्याला गप्पा म्हणतो.

दोघं मिळून डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर तरुण आहे. त्यानं विचारलेल्या एकूण एक प्रश्नाचं मी बरोबर उत्तर दिलं. मनात म्हटलं, घ्या, धडधाकट आहे. मग त्यानं टेबलावरचा पेपर उचलून तोंडापुढे धरला. मी बसून राहिलो, पेपरातली जाहिरात वाचत. पुष्कळ वेळानं पेपर खाली आला तेव्हा कासीम डोळे पुसत होता. डॉक्टरनं पाच वेळा माझं नाव विचारलं होतं म्हणे.

उजवा कान पुरता गेला आहे. डाव्यात थोडं आहे. डॉक्टर म्हणाला, पहिल्या आठवड्यात कान भणभणायचे थांबले ते बरे झाले म्हणून नव्हे, तिथूनच जायला लागले. कागद सोबत पाठवतो आहे. माझं नाव, मिलचं नाव, सगळं घाल. जॉबरला कळलं तर साच्यांवरून काढून कमी पगारावर घडीखात्यात, कापडाच्या घड्या घालायला बसवतील. बसवू देत.

एक गोष्ट सांगतो, मग पुन्हा कधी काढू नकोस. मला वाटायचं, आपली लीला स्वभावानंच शांत आहे. मी चाळीत सगळ्यांना सांगायचो, आमची पोरगी हाकसुद्धा मारत नाही. सिद्धनाथ, मला फार लाज वाटते आहे.

पत्र मिळताच कागद साहेबांच्या हातात दे. दिरंगाई करू नकोस. तुझ्यावरचा राग गेला आहे, वैनीवरचा कधीच गेला.

तुझा अण्णा,
गुरुबसप्पा

—

ता. ४-४-१९७६

ती. अण्णांस,
सिद्धनाथचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचा कागद ३० तारखेला मिळाला. पाकीट कुठे चार दिवस थांबलं होतं ते विचारण्यात अर्थ नाही. मी तो घेऊन त्याच तासाला साहेबांकडे गेलो. त्यांनी तो पुरता वाचला. तुमच्याविषयी मनापासून वाईट वाटल्याचं म्हणाले. मग घडी घालून परत दिला. माणूस वेगळा, जनावर वेगळं, म्हणाले. मी आठवण करून दिली, की सवयीच्या वेळी दोघं एकच होते. त्यांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं आणि मला चहा सांगितला.

मी सही मागे घेतल्याचं लेखी दिलं आहे. पोच मिळालेली नाही. तारीख बदललेली नाही. उद्या सकाळी दहाला आतल्या आखातात सहा सुरुंग उडतील.

आज सकाळी मी आणि मकदूम आखातात गेलो. जाळी लावून जनावरं ओढून काढावीत म्हटलं तर कायदा आड येतो, त्यांना हात लावणं गुन्हा आहे. मकदूमचा बाप पूर्वी समुद्रगायींची शिकार करायचा. नावांची रांग करायची, डबे बडवायचे, की अख्खा कळप समोर पळत सुटतो, असं तो म्हणाला. या खेपेला त्यांना खुल्या समुद्राकडे हाकलायचं ठरवलं. त्याच्या भाऊबंदांच्या पाच नावा आल्या. रॉकेलचे डबे, पत्रे, लोखंडी गज, मिळेल ते घेतलं. तुम्हाला डाव्या कानानं थोडं येतं, तसं त्यांनाही थोडं येत असेल, एवढीच आशा होती.

आम्ही सकाळी सातपासून ऊन उतरेपर्यंत बडवत होतो. माझे दोन्ही तळवे फुटले आहेत, म्हणून अक्षर असं आलं आहे. नावा अगदी त्यांच्या अंगावर नेल्या. पाणी इतकं स्वच्छ होतं, की खाली चरताना उडालेली वाळू दिसत होती. आता उरलेला सगळा कळपच आखातात आला आहे. अठराच्या अठरा खाली मान घालून गवत खात राहिली. एकानंही शेपूट हलवलं नाही. भाऊबंदांनी हळूहळू डबे खाली ठेवले.

एक तेवढं पळालं. आठवड्याभरापूर्वी जन्मलेलं पिल्लू आहे. अहवाल मंजूर झाल्यावर शिट्टीचं यंत्र बंद केलं, त्यानंतरचं. पहिल्याच ठोक्याला ते तीरासारखं सुटलं आणि आखाताच्या तोंडापर्यंत गेलं. आम्ही सगळे ओरडलो, जा, जा म्हणून. ते तिथे थांबलं. आई मागे येत नाही असं दिसल्यावर परत आलं. तिच्या तोंडापुढे फिरलं, पुन्हा थोडं पुढे गेलं, पुन्हा आलं. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. शेवटी आमचे डबे वाजत असतानाच ते आईच्या कुशीत शिरून राहिलं. मग मीच हात वर करून बडवणं थांबवायला सांगितलं. त्या एकट्याला भिववण्यात काही अर्थ उरला नव्हता.

स्फोटानंतरची मोजणी माझ्याकडेच आहे. जात नाही म्हणून सांगणार होतो, पण मी गेलो नाही तर दुसरा कुणीतरी जाईल, आणि कितीही मेली असली तरी त्याला माझ्या अहवालातली एकोणीसच दिसतील. म्हणून जाणार आहे. साडेदहाला नाव सुटेल.

सौ. वैनींस नमस्कार. चि. लीलास आशीर्वाद. आपण सर्वांनी मला मनातून उतरवू नये, एवढीच विनंती.

आपला,
सिद्धनाथ